सुरक्षेसाठी मदत आली की परकी गुंतवणूकही येते का?

खतावणी:
९/११ नंतर अमेरिकेने पाकिस्तानला लष्करी-नागरी मिळून ३० अब्ज डॉलरच्या वर दिले. त्यातला बराचसा पैसा लष्करी कारवायांच्या खर्चाची भरपाई म्हणून. आता दुसरा आकडा बघा. २००७-०८ मध्ये तिथे थेट परकी गुंतवणूक ५ अब्ज डॉलरच्या पुढे होती, २०११-१२ मध्ये १ अब्जाच्याही खाली. मधे इस्लामाबादच्या मॅरियटवर ट्रकबॉम्ब, लाहोरला श्रीलंकेच्या क्रिकेट संघावर गोळीबार. माझ्या मते असली मदत गुंतवणूकदाराच्या काडीच्या कामाची नाही.

तिरकस:
सगळं खापर दहशतवादावरच? २००८ ची जागतिक मंदी कुठे गेली? आणि तासन् तास वीज नाही तिथे कारखाना कोण काढणार? २००७-०८ चा आकडाही फुगलेलाच, तेव्हा परदेशी कंपन्या तिथल्या टेलिकॉममध्ये आणि बँकांमध्ये पैसा ओतत होत्या. २६/११ आपल्याकडे झालं. ताजचा टॉवर महिन्याच्या आत उघडला, गुंतवणूक काही आटली नाही.

बोरीबंदर:
खतावणी, कोलंबिया विसरलात. तिथली कान्यो लिमोन तेलवाहिनी २००१ या एका वर्षात गनिमांनी दीडशेहून जास्त वेळा फोडली. तेल महिनोन् महिने बंद. मग अमेरिकेने नेमक्या त्याच पट्ट्यातल्या सैन्याला प्रशिक्षण आणि हेलिकॉप्टरं दिली. काही वर्षांत हल्ले कितीतरी कमी झाले. देशातली परकी गुंतवणूक २००२ मध्ये जेमतेम २ अब्ज डॉलर, २००८ मध्ये १० अब्जांच्या आसपास.

खतावणी:
त्याच काळात तेलाचे भाव कुठे गेले होते तेही सांगा की! आणि त्या वाहिनीत तेल कोणाचं? ऑक्सिडेंटल या अमेरिकी कंपनीचंही. म्हणजे मदत कंपनीच्या कुंपणाला, गावाला नाही. पाकिस्ताननेही सीपेकसाठी, म्हणजे चीनच्या पैशातून होणाऱ्या रस्ते-वीज प्रकल्पांसाठी, लष्कराची वेगळी डिव्हिजन उभारली. तरी २०२१ मध्ये पाकिस्तानातल्या दासू धरणाच्या कामगारांच्या बसवरच्या हल्ल्यात ९ चिनी मारले गेले, २०२४ मध्ये बेशामच्या हल्ल्यात ५.

तिरकस:
तरी चिनी टिकलेच ना?

खतावणी:
टिकले, कारण बराचसा पैसा चीनच्या सरकारी बँकांचा. खासगी माणूस स्वतःच्या खिशातले घालून थांबला असता का?

बोरीबंदर:
गावाचं म्हणाल तर, वाहिनी बंद पडली की तिथल्या आराउका प्रांताची तेलावरची रॉयल्टीही थांबायची. आणि मिळायची तेव्हा त्यातला वाटा ईएलएन या संघटनेचे गनीम उचलायचे. कुंपण नसताना गावाचं काय भलं होत होतं, ते सांगा.