मदत हवी आहे: मागच्या डिफरन्शियलमधून ऑइल गळतंय, शोरूमवाले म्हणतात पूर्ण असेंब्ली बदला (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आधी गाडीचं सांगतो. दोन सीटची जर्मन स्पोर्ट्स कार आहे, पेट्रोल, ऑटोमॅटिक, रिअर व्हील ड्राइव्ह, २०११ चं मॉडेल, ८१ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही कारण सोलापुरात ह्या गाड्या बोटावर मोजण्याइतक्या आहेत, लगेच कळतं कुणाची ते. पार्ट नंबरसाठी ज्यांना लागेल त्यांना व्यनि (खाजगी निरोप) करतो. तीन वर्षांपूर्वी पुण्यातून सेकंड हँड घेतली, त्याआधी ती दीड-दोन वर्षं तिथल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसती उभी होती. स्पोर्ट्स कार म्हटलं की लोकांना वाटतं ह्याच्याकडे पैसा असणार, पण तसं काही नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, बारा लूम, आणि ह्या गाडीसाठी मी अकरा वर्षं पैसे बाजूला टाकत होतो. म्हणून जीव तुटतोय.

गणपतीच्या आधी पार्किंगच्या फरशीवर मागच्या बाजूला रुपयाएवढा डाग दिसला. रात्री टॉवेल पॅकिंगचा खोका उघडून खाली पसरून ठेवला, सकाळी त्यावर तीन थेंब, तपकिरी, घट्ट, आणि वास असा की सडकं अंडं फोडल्यासारखा. इंजिन ऑइलला हा वास नसतो, हा गंधकाचा वास गिअर ऑइलचाच, त्यामुळे गळतंय कुठून ते तिथंच कळलं. युनिटमध्ये टेम्पोसाठी खड्डा केलेला आहे, त्यावर गाडी घेऊन खालून बघितलं तर डिफरन्शियलची, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या गोळ्याची, सगळी हौसिंग (बाहेरचं कवच) ओली, आणि त्यावर काळ्या मातीचा थर बसून दगड झालेला. डिझेल आणि ब्रशने धुतलं, कापडाने कोरडं केलं, वरून शंखजिरं भुरभुरवलं आणि होटगी रोडने वीस किमी फिरून आलो. परत खाली जाऊन टॉर्च मारला तर डाव्या साइड शाफ्टच्या (चाकाकडं जाणारा दांडा) फ्लँजखाली, म्हणजे तो जिथं बोल्टने जोडतात त्या चकतीखाली, पांढऱ्या पावडरीत अर्धचंद्रासारखी ओली रेघ स्पष्ट. पुढं जिथं इंजिनकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट लागतो, म्हणजे टेल पिनियनच्या सीलला, तिथं पण थोडी ओल आहे, पण थेंब नाही. मागचं कव्हर आणि उजवी बाजू एकदम कोरडी.

पुण्याच्या शोरूमला फोन केला. ते म्हणाले आम्ही डिफरन्शियल आतून उघडत नाही, असेंब्लीच बदलतो, एस्टिमेट ३ लाख ४० हजार, मजुरी वेगळी, शिवाय इथून २५० किमी गाडी टोइंगवर न्यायची. त्यांची पद्धत असेल तशी, मी वाद घालत नाही, पण क्राउन-पिनियनला (आतले दोन मुख्य गिअर) आवाज नाही, वळताना कटकट नाही, गाडी १२० ला शांत चालते, मग एका रबरी सीलसाठी सगळा गोळा का बदलायचा हे मला पटत नाही.

इथं एक मिस्त्री आहेत, उसाच्या सीझनमध्ये ट्रक-ट्रॅक्टरचीच कामं करतात, हात खरंच चांगला आहे. त्यांनी बघून सांगितलं, "मालक, डावं सील गेलंय, आन् म्होरचं बी गळायलंय. दोन्ही एकदमच करू की, नट खोलू, सील बसवू, गनने आवळून टाकू, दोन तासांचं काम हाय." गन म्हणजे नट आवळायचा मशीनचा पाना. साइडच्या सीलची मला भीती नाही. भीती आहे ती पिनियनच्या नटाची. मी जे वाचलंय त्यावरून पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये एक चेपली जाणारी कॉलर असते, नट जास्त आवळला की ती जास्त चेपते, बेअरिंगवर नको तेवढा दाब येतो, मग ते तापतं, गुणगुणायला लागतं आणि शेवटी खरंच असेंब्ली बदलायची वेळ येते. ट्रकवर जे चालतं ते ह्या छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या डिफरन्शियलवर चालेल का? पिनियनला आत्ता हात लावूच नये का?

दुसरं म्हणजे सील. आमच्या लूमला जे बेअरिंगवाले माल देतात ते म्हणतात जुनं काढून आणा, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मापून तेच देतो. त्यांच्याकडं काळं साधं नायट्राइलचं पण आहे आणि तपकिरी व्हिटॉनचं पण. इथं मे महिन्यात पारा ४३ च्या पुढं जातो आणि सायलेन्सर डिफरन्शियलच्या अगदी शेजारून जातो, तर साधं सील टिकेल का, का कंपनीचंच मागवावं? ह्यात दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील, पण साडेतीन लाख माझ्याच्यानं होत नाहीत.

कुणी केलं असेल तर मनापासून सांगा. घाई आहे कारण गाडी रोज थोडी थोडी गळतेय.

---

घाटरस्ता (पुणे):

दादा, सीलच्या आधी दोन गोष्टी बघा. एक, आत ऑइल किती उरलंय? गाडी सपाट जागी ठेवून फिलर प्लग उघडा, भोकाच्या खालच्या कडेला ऑइल लागलं पाहिजे, करंगळी घालून बघा. आणि काहीही झालं तरी फिलर आधी उघडा, ड्रेन नंतर. ड्रेन उघडून ऑइल सांडून बसलात आणि फिलर गंजून अडकलेला निघाला की गाडी जागेवर बसते, माझ्या मित्राचं हेच झालं होतं. दुसरं म्हणजे ब्रीदर, आतली हवा बाहेर सोडणारं भोक. हौसिंगच्या वर छोटी टोपी किंवा नळी असते. तुम्ही लिहिलंय माती दगड झालीय, ती टोपी बुजली असेल तर ऑइल तापल्यावर आतली हवा फुगते आणि जिथं सील कमजोर तिथनं ऑइलला बाहेर ढकलते. दोन्हीकडं एकदम ओल दिसते म्हणजे मला तरी तोच संशय येतोय.

---

धागाकर्ता:

खूप खूप आभार, आज दुपारीच खड्ड्यात उतरलो. ब्रीदरची टोपी हाताला लागेना, सबफ्रेमच्या वर हात घालून चाचपून शोधली, अक्षरशः विटेसारखी माती भरलेली होती. श्रावणात बार्शीकडून येताना रस्त्याचं काम चालू होतं म्हणून शेतातल्या डायव्हर्जनने तीन किमी चिखलातून गाडी काढली होती, ती तीच माती. टाचणीने आणि हवेने साफ केली. हवा मारताना नोझल टोपीच्या बाहेरच धरला, माती आत जाऊ नये म्हणून. ऑइल कमी होतंच, काठाला यायला साधारण ३५० मिली लागलं. म्हणजे मी दोन महिने कमी ऑइलवर गाडी चालवत होतो, हे कळल्यावर पोटात गोळा आला.

---

जुना गॅरेजवाला:

चाळीस वर्षं हे काम केलंय म्हणून सांगतो. पिनियनला आत्ता हात लावू नका. ब्रीदर मोकळा केलाय ना, आता दोन-तीनशे किलोमीटर चालवून परत पावडर टाकून बघा, नुसती ओल असेल तर बऱ्याचदा थांबते. पुढं कधी करायचं झालंच तर नट खोलायच्या आधी नट, फ्लँज आणि शाफ्टवर पंचने एका रेषेत खूण करा, उघडे आटे मोजून लिहून ठेवा, परत बसवताना नट त्याच खुणेवर आणा आणि केसभर पुढं, बस. खोलायच्या आधी पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते काटेवाल्या टॉर्क पान्याने मोजा, नंतर तेवढाच लागला पाहिजे. गन अजिबात नाही. मिस्त्रींना हे नीट समजावून सांगा, ट्रकचा माणूस आहे तर त्याला बेअरिंगची किंमत कळते.

डावं सील घरच्या घरी होण्यासारखं आहे. शाफ्टचे बोल्ट सोडून शाफ्ट तारेने वर बांधा, लोंबकळत ठेवला तर जॉइंटचं रबर फाटतं. फ्लँज आत सर्कलिपवर (खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग) असते, दोन्ही बाजूंनी समान पट्टी लावून उचकटली की सुटते. बाहेर आल्यावर फ्लँजवर जिथं सीलचा ओठ टेकतो तिथं नख फिरवा, नख अडकलं तर खाच पडलीय, नवं सील घालूनही गळणार, मग पातळ स्टीलची रिपेअर स्लीव्ह चढवावी लागते. सील जुनं जेवढं आत होतं तेवढंच आत ठोका, ओठाला ऑइल लावून. सर्कलिप नवीन. साध्या मापाचं सील घेऊ नका, डिफरन्शियलच्या सीलला ओठाबाहेर धूळ अडवणारा दुसरा ओठ असतो, कधी फिरण्याची दिशा पण ठरलेली असते, नुसत्या तीन मापांत हे कळत नाही. ऑइल मात्र तुमच्या मॅन्युअलमध्ये जे आहे तेच, बहुतेक ७५ डब्ल्यू ९०, जीएल-५ असेल. लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं डिफरन्शियल) असेल तर त्याचं ऑइल वेगळं, ते आधी तपासा.

---

धागाकर्ता:

काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून मिस्त्रींना वाचून दाखवला. गन नको म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरोबर हाय मालक, ट्रकला पण आमचे उस्ताद हातानंच आवळायचे." लिमिटेड स्लिप नाही, मॅन्युअलमध्ये बघितलं.

सील आणि सर्कलिप मुंबईच्या एका पार्टवाल्याकडून ओरिजिनल मागवलं, चार दिवसांत आलं. जुनं सील निघालं तेव्हा बोटात दाबून बघितलं, ओठ रबरासारखा लवतच नव्हता, प्लास्टिक झाला होता, एका जागी चीर. गाडी दोन वर्षं उभी होती त्याचा हा परिणाम असावा असं मिस्त्री म्हणाले. फ्लँजवर नख अडकलं नाही, नुसती चमक होती. सगळं ऑइल काढून नवीन भरलं, जुन्या ऑइलमध्ये ड्रेन प्लगच्या चुंबकाला काळी मऊ लगदी होती पण टोकदार तुकडे नाहीत. सील, सर्कलिप, ऑइल, मजुरी धरून ५,८०० रुपये गेले.

तुळजापूरला जाऊन आलो, येऊन-जाऊन ९० किमी, वर गावातलं धरून दीडशेच्या पुढं झालं. खोका अजून खाली पसरलेलाच आहे, आज नववा दिवस, कोरा आहे. पिनियनला पावडर टाकली होती, ओल अगदी पुसट आहे, वाढत नाही. ते दिवाळीनंतर बघू. सोलापुरात कुणाकडे कमी जोराचा, काटेवाला टॉर्क पाना असेल तर व्यनि करा, दोन दिवसांसाठी हवाय, स्वतः येऊन घेऊन जाईन आणि आणून देईन.