गोधडी, दुपटं, कुंची: हौसेने शिवणाऱ्या नाशिककरांचे अनुभव

दिवाळी उरकली की नाशिकला रात्री गारवा सुटतो आणि माळ्यावरच्या गोधड्या गच्चीत उन्हाला येतात. त्यावरून हे विचारावंसं वाटलं. शिवणावर ज्यांचं घर चालतं त्यांच्या कामाबद्दल पुढे कधीतरी वेगळं बोलू. इथे त्यांनी लिहावं जे आपल्या आनंदासाठी, घरच्या घरी, सुई किंवा मशीन घेऊन बसतात. काय शिवता, कापड कुठून येतं, कोणी शिकवलं, वेळ कधी काढता? आणि शिवताना नेमकं काय आवडतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात जास्त ऐकायचंय. गोधडी आता तयार मिळते, ब्लँकेट त्याहून स्वस्त, तरीही आपण बसतो आणि शिवतो.

माझ्यापासून सुरुवात करते.

इंदिरानगर

मी हाताने शिवते. आईच्या आणि मावशीच्या सुती साड्या, बाबांची धोतरं, हे माझं कापड. साडी साडेपाच मीटरची, म्हणजे अठरा फूट. मधोमध कापून दोन्ही तुकडे कडेला कड लावून जोडले की नऊ फूट लांब आणि साडेसात फूट रुंद पट होतो. तो मधून दुमडला की साडेचार बाय साडेसातचा दोन पदरी थर मिळतो, एका माणसाला पुरेसा. खाली एक साडी, वर एक साडी आणि पोटात धोतर एवढं घेतलं तर आपल्या थंडीला भागतं. साड्यांचे काठ मी आधीच उतरवून ठेवते, शेवटी त्यांचाच गोट लावते.

सगळ्यात कष्टाचं काम म्हणजे पसरणं. हॉलमधलं सामान सरकवायचं, थर एकावर एक टाकायचे आणि मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढायच्या. इथे घाई केली तर पुढे टाका कितीही सुरेख पडला तरी कापडाला झोळ राहतो. मग मोठे कच्चे टाके आणि त्यानंतर कडेपासून धावदोरा, एकात एक चौकोन करत मध्यापर्यंत. सुरुवातीच्या फेऱ्या लांबच लांब असतात. मध्याकडे येताना प्रत्येक फेरी आखूड होत जाते, हाताला लय सापडलेली असते, आणि उठावंसं वाटत नाही. माझ्या आनंदाची जागा ती.

आणखी एक सुख पहिल्या धुण्यानंतरचं. दोरा आणि कापड थोडं आटतं, दोन ओळींमधला भाग फुगतो आणि सगळ्या गोधडीवर बारीक लाटा उठतात. त्या फुगवट्यांत आणि थरांमध्ये हवा अडकून राहते, म्हणून एवढीशी पातळ गोधडी ऊब देते.

पंचवटी

ताई, आमच्याकडे शिवण सुरू होते ती बाळंतविड्यापासून. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी आणि खणाची कुंची. घरात कोणाला सातवा महिना लागला की सासूबाई मऊ झालेली सुती लुगडी बाहेर काढायच्या. नवीन कापड त्या बाळाच्या अंगाला लावू देत नसत, त्याला खळ असते. पहिल्या झबल्याची शिवण त्या बाहेरच्या बाजूला ठेवायच्या, आत टोचू नये म्हणून. हे मी त्यांच्या शेजारी बसूनच शिकले, क्लास कधी लावला नाही.

त्यांची एक रीत मी आजही पाळते. गोधडीची शेवटची वीतभर कड शिवायची राहिली की आत पोळीचा एवढासा तुकडा सरकवायचा आणि मग टाका घालायचा. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. माझ्या सुनेला हे फार आवडतं. ती मूळची भोपाळची, तिच्या माहेरी असं काही नव्हतं. आता तिच्या हातचं दुपटं तयार होत आलं की तीच स्वयंपाकघरातून तुकडा घेऊन येते.

माझी पसंती कुंचीला. डोक्यावरून पाठीवर उतरणारी, गळ्याशी नाडीने बांधायची, आणि खणाचा काठ बरोबर कपाळावर आला पाहिजे. त्या काठाची जुळणी जमली की मी कुंची हातात धरून बराच वेळ बघत बसते.

नाशिकरोड

मी पुरुष, आणि शिवतो. नोटप्रेसमधून निवृत्त झाल्यावर घरातलं जुनं काळं पायमशीन उघडलं. हिचं मशीन, हिने त्यावर मुलांचे सगळे कपडे शिवले. मला आधी यंत्र समजून घ्यायचं होतं. हाताच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं पुढे, टोकापाशी. सगळी करामत त्यात आहे. सुई कापडातून खाली जाऊन जराशी वर उचलली जाते, तेव्हा दोऱ्याचा छोटा फास पडतो. शटलचं टोक त्या फासात शिरतं आणि त्याला बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाच्या, भोवती फिरवून आणतं. वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतो तो असा. एलियास हाऊ यांनी अशा दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या मशीनचं पेटंट अमेरिकेत १८४६ मध्ये घेतलं. आज माझ्या हॉलमधलं मशीन त्याच तत्त्वावर चालतं, याचा मला रोज आनंद वाटतो.

ज्यांची मशीनं पडून आहेत त्यांच्यासाठी सांगतो. खालचा दोरा कापडाच्या वर दिसायला लागला तर वरचं टेन्शन जास्त आहे, स्क्रू थोडा सैल करा. वरचा दोरा खाली दिसला तर उलट. दोन्हींची गाठ कापडाच्या पोटात बसली पाहिजे. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला, बहुतेक वेळा दोष तिचाच असतो. पट्टीखाली साचलेला कापसाचा भुगा ब्रशने काढा. तेल मशीनचंच घाला. खोबरेल अजिबात नको, आपल्या थंडीत ते थिजतं आणि मशीन जड होतं.

मी उशांचे अभ्रे आणि भाजीच्या पिशव्या शिवतो. पण खरी हौस म्हणजे शर्टाची कॉलर उलटवणं. घासून विरलेली कॉलर उसवायची, पालटून पुन्हा बसवायची, शर्ट आणखी काही वर्षं चालतो. माझे वडील हे शिंप्याकडून करून घेत.

कॉलेज रोड

काका, कॉलरचं वाचून लगेच एक शर्ट काढून ठेवलाय! मी इंजिनिअरिंगला आहे, रूमवर राहतो, मशीन नाही. जीन्स गुडघ्यावर फाटली की आतून दुसऱ्या जीन्सचा तुकडा लावतो आणि वरून पांढऱ्या दोऱ्याने धावदोऱ्याच्या ओळी घालतो. जपानमध्ये याला साशिको म्हणतात, तिथल्या शेतकरी आणि कोळी घरांतून ही पद्धत आली. आजीला फोटो पाठवला तर ती म्हणाली, हे तर आपलं ठिगळ. परीक्षेच्या दिवसांत रात्री अर्धा तास शिवलं की डोकं शांत होतं.

गंगापूर रोड

माझा प्रकार वेगळा, मी तुकडे जोडून रजई करते. मला त्यातलं गणित आवडतं. पाच बाय सात फुटांची रजई म्हणजे ६० बाय ८४ इंच. सहा इंची चौकोन धरले तर आडवे १० आणि उभे १४, एकूण १४० चौकोन. कापताना प्रत्येक चौकोन साडेसहा इंचांचा, कारण चारही बाजूंनी पाव पाव इंच शिवणीत जातो. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून साडेसहा इंची पट्टी काढली की तिच्यात सहा चौकोन बसतात. म्हणजे २४ पट्ट्या, सव्वाचार मीटर कापड पुरतं. पाव इंच मात्र काटेकोर हवा. एका शिवणीत सुतभर फरक पडला तर दहाव्या चौकोनापर्यंत तो बोटभर होतो.

कापड मी मेन रोडच्या गल्ल्यांमधून कटपीस घेते आणि अस्तराला मांजरपाट. सगळं आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून. लाल आणि निळा कपडा पाणी स्वच्छ येईपर्यंत भिजवते, नाहीतर पांढऱ्यावर डाग पडतात. मधल्या थराला जाड फायबर मी वापरत नाही. इथे थंडी दोन-अडीच महिन्यांची, जुनी फ्लॅनेलची चादर पुरते आणि सुईही सहज जाते.

एक गोष्ट सांगायची आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं लहानसं गाव आहे, नदीने तीन बाजूंनी वेढलेलं. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या शेतात वापरून विरलेल्या कपड्यांतून रजया शिवत आल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं आणि २००६ मध्ये त्या रजयांवर टपाल तिकिटं निघाली. त्यांचे फोटो बघा. पट्ट्या वाकड्या, चौकोन असमान, आणि रंगांची जुळणी अशी की नजर हटत नाही. आपल्याकडच्या वाकळी मी तेव्हापासून नीट बघायला लागले. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, आपली गोधडी: सगळीकडे जुनं वस्त्र आणि साधा धावदोरा. आपल्या गोधडीला अजून तिच्या योग्यतेचा मान मिळालेला नाही, असं माझं ठाम मत आहे.

निफाड तालुका

शहराच्या मानाने आमच्याकडे थंडी कडाक्याची, पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली जातो. त्यामुळे गोधडी आमच्याकडे लागतेच. पण शिवायचा हंगाम उन्हाळ्याचा. द्राक्षं निघाली, एप्रिलात खरड छाटणी झाली की दुपारी जरा उसंत मिळते. मग शेडमध्ये ताडपत्री अंथरायची आणि वस्तीवरच्या चौघी-पाचजणींनी चार कडांना बसायचं. एकीची गोधडी झाली की दुसरीची. मजुरी कोणी धरत नाही, चहा जिची गोधडी तिचा.

प्रत्येकीचा टाका निराळा असतो. माझ्या जावेचा तांदळाएवढा, माझा जरा लांब. वर्षांनंतरही गोधडी बघून सांगता येतं, ही कड कोणी घातली. आमच्यातली एक आता या जगात नाही. तिने घातलेली बाजू मी पायाकडे येऊ देत नाही.

सिडको

माझं थोडं वेगळं दुखणं आहे. काहीही शिवलं की लोक म्हणतात, छान झालंय, विकत का नाही? चांगल्या मनाने म्हणतात, मला माहीत आहे. पण मी दिवसभर कंपनीत मोजून काम करते. घरी आल्यावर मला अशी एक गोष्ट हवी जिला कोणी मोजत नाही. विकायचं म्हटलं की माप दुसऱ्याचं, रंग दुसऱ्याचा, तारीखही दुसऱ्याची. आता मी सरळ सांगते, हे माझ्यासाठी आहे. भाचीला, मैत्रिणीला देते, ते वेगळं.

इंदिरानगर

सिडकोच्या ताई, अगदी मनातलं बोललात. ज्या शिवून विकतात त्यांच्या कष्टाबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि हाताने शिवलेल्या गोधडीचा भाव करणाऱ्यांना मी नेहमी सांगते की आधी त्यातले तास धरा. पण आपली शिवण आपल्यापुरती ठेवायचाही हक्क असतो.

देवळाली कॅम्प

मी पंचाहत्तरीच्या पुढची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पुन्हा शिवू लागले. काही सोयी सांगते, माझ्या वयाच्या बायकांना उपयोगी पडतील. सकाळी नातवाकडून पाच-सहा सुया ओवून घ्यायच्या आणि उशीला टोचून ठेवायच्या. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की सरळ पळतो. मधल्या बोटात अंगुस्तान हवंच. बोटांचे सांधे धरतात, म्हणून जाड थर मी टाळते, दोन पदरीच करते. पूर्वी उजेड संपेपर्यंत बसायची, आता देवपूजा झाल्यावर तासभर. तेवढा तास मात्र कोणालाही देत नाही.

माहेर येवला, सध्या नाशिक

आजीची पैठणी घड्यांवर चिरली होती. तशीच ठेवली असती तर पेटीत तुकडे झाले असते. पदर सुती अस्तरावर बारीक टाक्यांनी बसवला, चौकट केली आणि भिंतीवर लावला. जरीच्या भागात टाका घालायचा नाही, दोन धाग्यांच्या मधून सुई काढायची. आमच्या गल्लीतल्या मागांचा आवाज ऐकत मी मोठी झाले. विणणाऱ्याने एका पदरासाठी किती दिवस दिले असतील ते माहीत आहे, म्हणून कात्री लावली नाही.

सातपूर

सगळं वाचून मलाही करावंसं वाटतंय. मशीन नाही, कधी बटण सोडून काही शिवलेलं नाही. कुठून सुरुवात करू? आणि जॉर्जेटच्या साड्या खूप पडून आहेत, त्या चालतील का?

पंचवटी

दुपट्यापासून कर. तीन बाय तीन फूट, दोन थर, जुनी सुती साडी किंवा मऊ चादर. जॉर्जेट आत्ता नको, ती सुईखाली सरकते आणि घाम शोषत नाही. एक बारीक सुई, सुती दोऱ्याचं रीळ, टाचण्या, खडू आणि कात्री एवढं घे. कात्री कापडासाठी वेगळी ठेव, तिने कागद कापू नकोस, धार जाते. खडूने दोन-दोन बोटांवर रेघा मार आणि रेघेवरून टाका टाकत जा. पहिल्या ओळींचे टाके लहानमोठे येतील ते उसवू नकोस, पुढे जा. दर बुधवारी मी गोदाकाठच्या बाजारात येतेच. जुन्या लुगड्याचा तुकडा हवा असेल तर सांग, घेऊन येईन.