शब्दचर्चा: उपासनेचं ‘निमंत्रण’ की ‘बोलावणं’?

प्रश्न

आमच्या लुथरन मंडळीत (म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतल्या चर्चमध्ये) उपासनांची निमंत्रणपत्रं लिहायचं काम यंदा माझ्याकडे आलं आहे. चर्चच्या वर्षातल्या प्रत्येक काळासाठी एक छोटं कार्ड, म्हणजे आगमनकाळ (नाताळाआधीचे चार रविवार), नाताळ, लेंट (ईस्टरआधीचे चाळीस दिवस), ईस्टर (येशूच्या पुनरुत्थानाचा सण), पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) आणि पुढचे रविवार. आजवर एकच मजकूर चालत आला: “सर्वांना सप्रेम निमंत्रण. आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.” काळाचं नाव तेवढं बदलायचं.

गेल्या आगमनकाळात शेजारच्या काकूंना कार्ड दिलं. त्या ख्रिस्ती नाहीत. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं आणि विचारलं, “आगमन? कोण येणार आहे गं? पाहुणे का?” मी म्हटलं, “हो, म्हणजे… येशू.” त्या म्हणाल्या, “मग तसं लिही ना.”

तेव्हापासून या शब्दांनी मला छळलंय. निमंत्रण लिहावं की आमंत्रण? ‘उपासना’ हा शब्द बाहेरच्या माणसाला जड जातो का? आणि त्या त्या काळाच्या नावातून माणसाला काही कळावं, तर नावं कोणती वापरावीत?

प्रतिसाद

ताई, निमंत्रण आणि आमंत्रण आज आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो, पण व्याकरणाच्या जुन्या परंपरेत ते वेगळे आहेत. पाणिनीच्या एका सूत्रात दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात. पाणिनीवरच्या काशिकावृत्ती या जुन्या टीकेत त्यांचा फरक सांगितला आहे: निमंत्रण म्हणजे नियोग, ज्याला बोलावलं त्याने यायलाच हवं. आमंत्रण म्हणजे कामचार, यावं की न यावं ही त्याची मर्जी. ही फोड धरली तर अनोळखी माणसाला द्यायच्या कार्डावर ‘आमंत्रण’ योग्य. मंडळीतल्या माणसाला ‘निमंत्रण’ म्हटलं तरी चालेल, त्याचं तिथं येणं गृहीतच असतं.

मी मात्र दोन्ही सोडून ‘बोलावणं’ सुचवेन. लग्नकार्यात छापील पत्रिका सगळ्यांना जाते, पण बोलावणं करायला माणूस दारात येतो. “पत्रिका आली, बोलावणं नाही आलं” हा रुसवा आपल्याकडे खरा असतो. तुमच्या काकूंना कार्ड मिळालं होतं. बोलावणं झालं ते तुम्ही दोघी बोललात तेव्हा.

प्रतिसाद

‘उपस्थिती प्रार्थनीय’ आधी काढा, एवढीच विनंती. समारंभाच्या पत्रिकेत ते खपतं. पण ज्या जागी प्रार्थना फक्त देवाला करायची, तिथल्या कार्डावर माणसांच्या हजेरीसाठी प्रार्थना कशी चालेल? “अगत्य येण्याचं करावं” हे साधं, आपलं आणि पुरेसं आहे.

प्रतिसाद

काकांनी ‘बोलावणं’ सुचवलं आणि मला फार बरं वाटलं, कारण लुथरन शिकवणुकीत तो शब्द अगदी गाभ्याचा आहे. मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाच्या १५२९ सालच्या लहान प्रश्नोत्तरीत (विश्वासाची तत्त्वं शिकवणारं छोटं पुस्तक) विश्वासांगीकाराच्या, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या कबुलीच्या, तिसऱ्या कलमाचं स्पष्टीकरण वाचा. मी माझ्या बुद्धीने किंवा बळाने ख्रिस्ताकडे येऊ शकत नाही, पवित्र आत्म्याने मला सुवार्तेद्वारे (येशूविषयीच्या शुभवार्तेतून) बोलावलं, असा त्याचा आशय आहे. म्हणजे कार्ड आपण लिहितो, पण बोलावणारा दुसराच आहे. म्हणून “आम्ही आपणांस निमंत्रित करीत आहोत” यातला ‘आम्ही’ जितका लहान ठेवता येईल तितका ठेवावा.

आता ‘उपासना’. उप + आस्, जवळ बसणे. शब्द सुंदर आहे आणि मराठी मंडळ्यांत रुळलेलाही आहे, तो बदलू नये. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जर्मनमध्ये लुथरन लोक उपासनेला ‘गॉटेसडीन्स्ट’ म्हणतात. शब्दशः देवाची सेवा, आणि लुथरन पाळक (चर्चचे धर्मगुरू) त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावतात: आपण देवाची सेवा करतो, पण त्याआधी देव आपली सेवा करतो. वचनातून क्षमा देतो, प्रभुभोजनात (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीत) स्वतःला देतो, मग आपण स्तुतीने उत्तर देतो. क्रम महत्त्वाचा आहे. मराठीत ‘उपासना करणे’ म्हटलं की सगळं कर्तेपण माणसाकडे येतं. नव्या माणसाला वाटतं, मला यातलं काही येत नाही, मी तिथे काय करणार? त्याला “उपासनेत सहभागी व्हा” म्हणण्यापेक्षा “उपासनेला या, बसा, ऐका” म्हटलं तर ते लुथरन समजुतीला धरून होईल आणि ‘उपासना’ शब्दाच्या मूळ अर्थालाही. जवळ येऊन बसणं, एवढंच तर आहे त्यात.

‘आराधना’ आणि ‘भक्ती’ हेही शब्द मंडळ्यांत चालतात. कार्डावर मात्र एकच शब्द सगळीकडे ठेवा, नाहीतर वाचणाऱ्याला तीन वेगळे कार्यक्रम वाटतात.

प्रतिसाद

मला लेंटबद्दल लिहायचंय, कारण चुका तिथेच सगळ्यात जास्त होतात.

‘उपवासकाळ’ हे नाव चुकीचं नाही. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस दिवस होतात, त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. रविवार मोजत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. पण बाहेरच्या माणसाने ‘उपवासकाळाची उपासना’ वाचलं की त्याचा पहिला प्रश्न असा येतो: मी उपवास धरलेला नाही, मग मी आलो तर चालेल का? लहान प्रश्नोत्तरीत ल्यूथरने उपवासाला चांगली बाह्य शिस्त म्हटलं आहे, पण प्रभुभोजनाला योग्य कोण, तर “तुमच्यासाठी दिले” या शब्दांवर विश्वास ठेवणारा, असंही तिथेच सांगितलं आहे. तेव्हा आपल्या कार्डावरचं नाव अट वाटेल असं नको.

जर्मन लुथरनांत या काळाला ‘पासिओन्सत्साइट’ असंही म्हणतात, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा काळ. मराठीत ‘दुःखसहन’ हा शब्द मंडळ्यांमध्ये आहेच. ‘दुःखसहनकाळ’ म्हटलं की नजर आपल्या ताटावरून निघून ख्रिस्ताकडे जाते. मला हे नाव अधिक आवडतं. रोजच्या बोलण्यात ‘लेंट’ राहू द्या, त्याला पर्याय शोधत बसू नये.

राखेचा बुधवार की भस्म बुधवार? राखेचा. भस्माला आपल्या भाषेत तेजाचं, वैराग्याचं वलय आहे. इथे कपाळावर बोट टेकवून सांगायचं असतं की तू माती आहेस आणि मातीतच परत जाशील. त्याला राख हाच शब्द हवा, चुलीतला, हाताला लागणारा.

आणि ‘गुड फ्रायडे’, येशूच्या मरणाचा दिवस. मराठीत ‘शुभ शुक्रवार’ आणि ‘उत्तम शुक्रवार’ दोन्ही भेटतात. इंग्रजीतल्या त्या ‘गुड’चा जुना अर्थ पवित्र असा आहे. ‘शुभ’ म्हटलं की मराठी माणसाचं बोट आपोआप शुभेच्छांकडे वळतं. मी स्वतः एके वर्षी एका मंडळीचं कार्ड पाहिलं, वर क्रूस आणि खाली “शुभ शुक्रवारच्या हार्दिक शुभेच्छा”. ज्याने लिहिलं त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, शब्दाने त्याला तिकडे ओढून नेलं. जर्मनमध्ये या दिवसाचं नाव ‘कारफ्रायटाग’, त्यातल्या ‘कार’चा अर्थ शोक, विलाप. ल्यूथरच्या स्वतःच्या भाषेत हा शोकाचा शुक्रवार आहे. आपण ‘पवित्र शुक्रवार’ लिहावं आणि खाली वधस्तंभाविषयी एक साधं वाक्य. शुभेच्छा नकोत, ‘उत्सव’ नको, ‘सोहळा’ तर नकोच. पुष्कळ लुथरन मंडळ्यांत लेंटभर हालेलुया हा स्तुतीचा उद्गारसुद्धा गात नाहीत, तो ईस्टरला परत येतो. मग कार्डाने तरी आधीच का गावा?

प्रतिसाद

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार राहिला की! त्या नावाला हात लावू नका. इतकं डोळ्यांसमोर चित्र उभं करणारं नाव दुसरं नाही.

प्रतिसाद

दोन अडचणी माझ्याकडूनही.

६ जानेवारीच्या सणाला बरेच जण ‘प्रकटीकरण’ म्हणतात. पण मराठी पवित्र शास्त्रातल्या शेवटच्या पुस्तकाचं नावही तेच. “प्रकटीकरणाच्या उपासनेला या” म्हटलं तर मंडळीतल्याच माणसाला वाटेल की त्या पुस्तकावर प्रवचनमाला आहे. “ख्रिस्त प्रकट झाल्याचा सण” असं सुटं करून लिहावं. मागी लोकांचा (बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांचा) आणि ताऱ्याचा उल्लेख केला की कुणालाही कळतं.

दुसरी अडचण मोठी आहे. पेंटेकॉस्टनंतर आगमनकाळापर्यंतचा काळ, जवळजवळ अर्धं वर्ष, याला काही ठिकाणी ‘सामान्य काळ’ म्हणतात. इंग्रजी नावातला तो शब्द क्रमांकाशी संबंधित आहे, मोजलेले रविवार अशा अर्थाचा. मराठीत ‘सामान्य’ होताना मोजणी गेली आणि उरलं ते ‘विशेष काही नाही’. सामान्य काळाच्या उपासनेला या, असं कोण कुणाला बोलावेल? लुथरन परंपरेत हे रविवार सरळ मोजायची रीत जुनी आहे: त्रैक्य रविवारनंतरचा (पेंटेकॉस्टच्या पुढच्या रविवारनंतरचा) पहिला, दुसरा, तिसरा. संगीतकार योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून लाइपझिगमध्ये होता, तिथली त्याची कितीतरी उपासनागीतं अशाच रविवारांसाठी लिहिलेली आहेत. आज अनेक ठिकाणी पेंटेकॉस्टपासून मोजतात. वेदीवरचं वस्त्र या काळात हिरवं असतं. मला वाटतं ‘हिरवे रविवार’ म्हणावं. नाव कुठे छापलेलं नाही, पण कुणीही एकदा आत येऊन पाहिलं की त्याला पटेल.

पेंटेकॉस्ट तसंच ठेवा. कंसात किंवा खाली ‘पन्नासावा दिवस’ लिहा, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तोच आहे.

प्रतिसाद

३१ ऑक्टोबरचं कार्ड जपून लिहा हो. ‘धर्मसुधारणा दिन’ बरोबरच आहे, १५१७ साली विटेनबर्गमध्ये ल्यूथरचे पंचाण्णव मुद्दे आले तो दिवस. पण ‘आमच्या पंथाचा स्थापना दिन’ असा सूर नको. ल्यूथरने १५२२ मध्येच लोकांना विनवलं होतं की माझं नाव लावू नका, स्वतःला ख्रिस्ती म्हणा. त्या दिवशीही बोलावणं सुवार्ता ऐकायलाच असतं.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, ‘बोलावणं’ घेतलं. ‘प्रार्थनीय’ काढलं.

काल रात्री बसून तीन कार्डं लिहिली, बघा कशी वाटतात.

आगमनकाळ: “नाताळाआधीचे चार रविवार आम्ही येशूची वाट पाहतो. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती लावतो, चौथ्याला चार. वाट पाहायला तुम्हीही या.” (मेणबत्त्यांचं हे चक्र हँबर्गच्या योहान हिन्रिक विखेर्न या लुथरन धर्मशास्त्रज्ञाने १८३९ साली मुलांसाठी सुरू केलं. मुलं रोज विचारत, नाताळ कधी? त्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावून दिवस मोजायला दिले. हे कार्डाच्या मागच्या बाजूला टाकेन म्हणते.)

दुःखसहनकाळ: “राखेच्या बुधवारी संध्याकाळी उपासना आहे. उपवास असो वा नसो, या. येशू म्हणतो, ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या.’”

हिरवे रविवार: “या रविवारी कोणताही सण नाही. वचन आहे, भाकर आणि द्राक्षारस आहे, बाकावर जागा आहे. येऊन पाहा.”

शेवटचे दोन शब्द योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातले, येशूचा शिष्य फिलिप्प याने नथनेलाला म्हटलेले. नासरेथातून (येशूच्या गावातून) काही चांगलं निघू शकतं का, असं नथनेलाने विचारलं, तर फिलिप्प वाद घालत बसला नाही.

प्रतिसाद

ताई, तिसरं सगळ्यात चांगलं झालंय. फक्त ‘भाकर आणि द्राक्षारस आहे’ यावर विचार करा. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही तो वाचून प्रभुभोजन घ्यायला पुढे येईल आणि वेदीपाशी अवघडेल. ते टाळायला हवं. ‘वचन आहे, गीतं आहेत’ एवढं पुरेल. प्रभुभोजनाचं पाळक तिथे समजावून सांगतील, आणि आशीर्वादासाठी पुढे यायचं असेल तर तेही सांगतील.

प्रश्नकर्ती

बरोबर आहे, बदलते. ‘वचन आहे, गीतं आहेत, बाकावर जागा आहे.’ पहिलं कार्ड काकूंकडे स्वतः घेऊन जाणार आहे, आणि या खेपेला आधी मी वाचून दाखवणार.