नदीत, खाडीत, किनाऱ्यावर वाट चुकून आलेला देवमासा: तुमचे अनुभव

थेम्सकाठ
काल जुने फोटो एका जागी करत होते, त्यात जानेवारी २००६चा फोल्डर निघाला. राखाडी पाणी, ढगाळ उजेड आणि मधोमध एक काळपट पाठ. मग कामात लक्षच लागेना.

आम्ही तेव्हा लंडनमध्ये नवीन होतो. शुक्रवारी, २० तारखेला, ऑफिसात बातमी आली की पार्लमेंटसमोर थेम्स नदीत व्हेल दिसतोय. कोणाचा विश्वास बसेना. नॉर्दर्न बॉटलनोज जातीची मादी होती, अजून पूर्ण वाढ न झालेली, तरी पाच मीटरच्या वर लांब. हे प्राणी उत्तर अटलांटिकच्या खोल पाण्यात राहतात. थेम्समधल्या नोंदी १९१३ पासूनच्या आहेत, पण ही जात तिथे त्याआधी कधीच दिसली नव्हती.

शनिवारी नवऱ्याला घेऊन बॅटरसीला गेले. दोन्ही काठांवर ही गर्दी! एरवी या शहरात शेजारचा माणूस नजर वर करत नाही, पण त्या दिवशी सगळे एकमेकांशी बोलत होते. ओहोटी लागली आणि ती उथळ पाण्यात अडकली. बचाव पथकातली माणसं त्या गारठ्यात पाण्यात उभी राहून तिला धरून होती. एक जण झारीनं तिच्या पाठीवर पाणी घालत होता, अगदी सावकाश. ती श्वास सोडायची तो आवाज आमच्यापर्यंत यायचा, मोठा आणि ओला. माझ्या बाजूला एक आजी होत्या. प्रत्येक श्वासाला त्या माझा हात घट्ट दाबायच्या.

मग तिला उचलून बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर घेतलं आणि समुद्राकडे निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही आनंदात घरी आलो, टीव्ही लावला, आणि सातच्या सुमारास ती वाटेतच गेली असं कळलं. मी हमसून हमसून रडले. आईला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "अगं, लेकरू वाट चुकलं गं."

तुमच्यापैकी कोणी असं काही पाहिलंय का? लिहा प्लीज.

जास्वंद
वाचताना काटा आला. मला आठवतंय, इकडे मराठी बातम्यांतसुद्धा दाखवलं होतं. सासूबाई देवापुढे दिवा लावून आल्या होत्या तिच्यासाठी. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

पक्का_रत्नागिरीकर
गणपतीपुळे, नोव्हेंबर २०२३. ऐन दिवाळीत आलं होतं पिल्लू. पिल्लू म्हणायचं, पण वजन काही टनांत. मी भावाबरोबर गेलो होतो. पाडव्याचा दिवस, फराळाचे डबे गाडीत तसेच. वाळूत आडवं पडलेलं, अंगावर ओली फडकी, माणसं बादल्या घेऊन समुद्रापर्यंत जा-ये करतायत. जेसीबी आणलेला, पट्टे, दोरखंड, बोट, सगळं. डॉक्टरांनी सलाइनही लावलं होतं. भरती आली की सगळे मिळून ढकलायचे, आणि लाट त्याला परत आणायची.
शेवटी रात्री बोटीनं ओढून आत नेलं तेव्हा किनाऱ्यावर "मोरया"चा गजर झाला. पण नाही वाचलं. परत किनाऱ्याला लागलं ते मेलेलंच.
वन खात्याची पोरं, मच्छीमार, हॉटेलातले वेटर, पर्यटक, सगळे राबले. त्यांच्याबद्दल कोणी वाईट बोललं की मला राग येतो.

मनीमाऊ
मला एक कळत नाही. श्वास तर हवेतूनच घेतात ना? मग किनाऱ्यावर मरतात कशानं?

गोठ्यातला_डॉक्टर
@मनीमाऊ, मी गुराढोरांचा डॉक्टर, पण यावर थोडं वाचलंय. पाण्यात त्यांचं वजन पाणी तोलतं. जमिनीवर आले की स्वतःच्याच वजनाखाली स्नायू चेंगरतात. त्या मेलेल्या स्नायूंतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. शिवाय चरबीचा जाड थर असतो, त्यामुळे उन्हात अंग तापतं. थेम्सच्या मादीच्या शवविच्छेदनातही निर्जलीकरण, स्नायूंची इजा आणि मूत्रपिंडं निकामी असंच निघालं होतं. या प्राण्यांना पाणी मिळतं ते खाण्यातून. ही जात खोल पाण्यातल्या माकुळांवर (स्क्विड) जगते. ती वाट चुकून इंग्लंडच्या पूर्वेकडच्या उत्तर समुद्रात आली, तिथल्या उथळ भागात माकुळं कुठून मिळणार? अटलांटिक पश्चिमेला, म्हणून ती पश्चिमेला पोहत राहिली आणि थेम्समध्ये शिरली, असा तज्ज्ञांचा अंदाज होता.

थेम्सकाठ
म्हणजे ती घराच्याच दिशेनं निघाली होती. हे वाचून पुन्हा भरून आलं.

मेपलचं_पान
मॉन्ट्रियल, मे २०२० चा शेवट. सगळे लॉकडाऊनमध्ये कोंडलेले आणि सेंट लॉरेन्स नदीत हंपबॅक जातीचा देवमासा आला! जाक कार्तिये पुलाजवळ पाण्याबाहेर उड्या मारत होता. मास्क लावून मुलीला घेऊन गेले. किती महिन्यांनी ती खळखळून हसली असेल. लोक अंतर ठेवून उभे, उडी मारली की सगळे एका सुरात "ओऽऽ". ९ जूनला मेलेला सापडला. जहाजाची धडक बसली असावी असं म्हणाले. मुलीला सांगायला माझी जीभच रेटेना.

जास्वंद
आले. @मेपलचं_पान, मुलगी आता केवढी झाली गं?

मेपलचं_पान
कॉलेजात गेली! सागरी जीवशास्त्रच घेतलंय. त्याच हंपबॅकमुळे, असं सगळ्यांना सांगते.

जास्वंद
वा!! पोरीला माझा आशीर्वाद सांग.

नानासाहेब_डोंबिवली
ज्याच्या उलटीला कोटीचा भाव असतो तो हाच का? परवाच पेपरात होतं, कोणाला तरी पकडलं.

गोठ्यातला_डॉक्टर
नाही नानासाहेब, ते अंबरग्रीस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. आणि आपल्याकडे ते विकणं, नुसतं जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. कोणी "स्वस्तात देतो" म्हणालं तर लांब राहा.

ओसाकावासी
स्पर्म व्हेलचा विषय निघालाच म्हणून लिहितो. जानेवारी २०२३, ओसाका. योदो नदीच्या मुखाशी आला होता, साधारण १५ मीटरचा. लोकांनी लाडानं "योदो-चान" नाव ठेवलं. माझ्या ट्रेनच्या डब्यात सगळ्यांच्या मोबाइलवर तोच. आधी पाण्याचा फवारा उडायचा, मग तो दिसेनासा झाला. १३ तारखेला मेल्याचं जाहीर झालं. नंतर जहाजानं नेऊन खोल समुद्रात सोडला. त्याच्या खर्चावरून पुढे बराच वाद झाला, पण मला तो खर्च योग्य वाटला. आपल्या दारात आलेल्याला नीट पोचवायला नको?

शर्वरी_क
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या सीन नदीत बेलुगा जातीचा देवमासा आला होता, मी तेव्हा पॅरिसला होते. चार मीटर लांब, ८०० किलो, पण हाडं दिसावीत इतका रोडावलेला. मासे टाकले तरी खाईना. पॅरिसच्या अलीकडे एका लॉकमध्ये, म्हणजे बोटींसाठी पाणी अडवणाऱ्या दारांमध्ये, अडकला होता. रात्रभर खपून जाळ्यातून वर काढला, गाडीत घालून समुद्राकडे नेला आणि वाटेत श्वास लागला म्हणून शेवटी दयामरणाचं इंजेक्शन द्यावं लागलं. ते सगळं पाहून वाटलं, शेवटी तरी त्याला शांत राहू द्यायचं होतं. आपली तगमग आपल्यासाठी असते का त्याच्यासाठी?

थेम्सकाठ
@शर्वरी_क, राग कशाला? हा प्रश्न मलाही छळतो. पण पाण्यात उभ्या असलेल्या त्या माणसांचे चेहरे मी जवळून पाहिलेत. ती जगण्याची शक्यता कमी आहे हे त्यांना माहीत असणार. तरी हात काढला नाही कोणी. जोवर जाणकार म्हणतात की आशा आहे तोवर धडपड करावीच, असं मला मनापासून वाटतं. आणि ते "आता नाही" म्हणाले की आपण सगळ्यांनी मागे सरावं, फोटोसुद्धा न काढता.

शर्वरी_क
हे पटलं.

खाडीकाठची
माझं माहेर मच्छीमारांचं. लोकांना वाटतं कोळ्यांना फक्त म्हावऱ्याशी मतलब. तसं नाही हो. जाळ्यात कासव, व्हेल शार्क असलं काही आलं तर माझा भाऊ जाळं कापून सोडतो. जाळं किती महाग असतं ते घर चालवणाऱ्याला विचारा. २०१८ च्या डिसेंबरपासून सरकार त्यासाठी २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. व्हिडिओ काढून द्यावा लागतो. पण वडील तर भरपाई नव्हती तेव्हापासून कापत आलेत. "दर्याचं दर्याला," म्हणायचे.

अलिबागचा_पांढरा_कांदा
रेवदंडा, जून २०१५. ४२ फुटी निळा देवमासा. पावसाळी समुद्र, बोट घालायची सोय नाही. आला तेव्हा जिवंत होता. डोळा उघडा होता हो त्याचा. आमच्या गावातली बायामाणसं हळदकुंकू घेऊन आली होती.

मनीमाऊ
मी फक्त हाडंच पाहिलीत, रत्नागिरीच्या झाडगावच्या मत्स्यालयातला सांगाडा. शाळेची सहल होती. सांगाड्यासमोर आमचा अख्खा वर्ग गप्प झाला, बाईंनाच आश्चर्य वाटलं. मुलांना न्यायचंय आता. @पक्का_रत्नागिरीकर, मे महिन्यात यावं का? आणि मासे कुठे खावेत?

पक्का_रत्नागिरीकर
मेमध्ये उकाडा, पण आंबा असतो. मत्स्यालय चालू आहे का ते फोन करून विचारा, मगच निघा. जेवायला आमच्याकडेच या, हॉटेल कशाला शोधता?

गोठ्यातला_डॉक्टर
कामाचं राहून गेलं. असा प्राणी दिसला तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६. शेपटीला दोर बांधून ओढू नका, सांधे निखळतात. अंग ओलं ठेवा, सावली करा, पण डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी जाऊ देऊ नका. आणि गर्दी, कुत्री, आरडाओरडा लांब.

खाडीकाठची
हे आमच्या गावच्या बोटवाल्यांच्या गटावर टाकू का?

गोठ्यातला_डॉक्टर
टाका की. माझ्या नावाशिवाय टाका, पण भोकाचं वाक्य सगळ्यात वर घ्या. लोक प्रेमानं नेमकं तिथेच पाणी ओततात.