म्हातारं झाड लगेच पाडू नका

एकांनी सुचवलंय की ऐतिहासिक घराच्या आवारातलं झाड म्हातारं होऊन कललं की पाडावं आणि त्याच जातीचं रोप लावावं. मला हे पटत नाही. इंग्लंडमध्ये वूल्सथॉर्प मॅनर या न्यूटनच्या घरासमोरचं सफरचंदाचं झाड १८२० च्या सुमारास वादळात आडवं झालं. मुळं पूर्ण तुटली नव्हती, त्यामुळे त्याला परत फुटवा आला आणि आजही ते फळतं. भोवती बुटकं कुंपण आहे, कारण पायांखाली माती दबली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. आपल्याकडे मात्र थेट बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतात आणि झाड वाळलं की वयाला दोष देतात! फार वाईट वाटतं हे बघून.

दुसरं म्हणजे, बी पेरून तेच सफरचंद मिळत नाही, कलमच करावं लागतं, आणि तेही जुनं झाड जिवंत असतानाच. केंब्रिजच्या वनस्पती उद्यानातलं याच झाडाचं १९५४ चं कलम फेब्रुवारी २०२२ च्या वादळात पडलं, पण त्याचं पुढचं कलम आधीच तयार होतं. आपल्या वाड्यांतल्या जुन्या आंब्यांची कलमं आत्ताच बांधून ठेवायला काय हरकत आहे?