जुना ओटा काढून स्वयंपाकघर नव्याने बांधायचे आहे; काम आणि घर दोन्ही कसे सांभाळावे?

प्रश्न (कोथरूड, पुणे)

नमस्कार. आमची सदनिका १९९४ साली बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघर साधारण १० फूट बाय ८ फूट असून त्याला लागून छोटी ड्राय बाल्कनी आहे. ओटा मूळचाच, म्हणजे कडप्प्याचा आहे. सिंकजवळचा त्याचा सांधा उघडल्यामुळे खालच्या कप्प्यात सतत ओल राहते, नळाला पाणी बारीक येते, आणि मिक्सर, मायक्रोवेव्ह व पाणी शुद्ध करण्याचे यंत्र या तिघांना मिळून दोनच पॉइंट आहेत.

काम काढायचे हे नक्की झाले आहे. परंतु तीन ठेकेदारांकडून जी अंदाजपत्रके आली आहेत त्यांची एकमेकांशी तुलनाच करता येत नाही, कारण एकाने केवळ ट्रॉल्यांचा भाव दिला आहे, दुसऱ्याने फरशी धरली आहे पण नळकाम धरलेले नाही, आणि तिसऱ्याने सगळ्याचा मिळून एकच ठोक आकडा लिहिला आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, त्यांना दम्याचा त्रास आहे, आणि तरीही सकाळचा चहा व दुपारचा कुकर त्या आजही स्वतःच लावतात. त्यांची फार ओढाताण न होता हे काम कोणत्या क्रमाने करावे, त्या काळात घर कसे चालवावे, आणि आमच्या दोघींच्या उंचीत चांगले सहा इंचांचे अंतर असताना ओटा किती उंच ठेवावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद (निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे)

ताई, आधी अंदाजपत्रकांविषयी लिहितो, कारण पुढच्या बहुतेक कटकटींचे मूळ तिथेच असते. कामाची यादी ठेकेदाराने करायची नसते, आपण करायची असते. पुढचे आठ दिवस ओट्याशी उभे असताना जे जे अडते ते एका वहीत लिहून ठेवा. पिठाचा डबा काढायला किती वेळा वाकावे लागते, पोळ्या लाटताना उजेड कोणत्या बाजूने हवा असतो, धुतलेली भांडी निथळायला जागा पुरते का, अशा नोंदी करा. त्यावरून तोडफोड, राडारोडा उचलणे, नळकाम, वीजकाम, जलरोधक काम, फरशी व भिंतीची टाइल, ओटा, ट्रॉल्या आणि रंग अशी बाबवार यादी तयार होईल. तोच कागद तिघांनाही द्या आणि प्रत्येक बाबीपुढे भाव लिहून मागा. ठोक आकडा देणाऱ्याने तो फोडून दिला नाही, तर माझ्या मते त्याला काम देऊ नये.

आता क्रम. सोसायटीच्या समितीची लेखी परवानगी प्रथम घ्या आणि आवाजाच्या कामाच्या वेळा विचारून ठेवा. तुळई, स्तंभ व स्लॅब यांना कोणीही हात लावणार नाही, हे ठेकेदाराला लेखी कळवा. तोडफोड झाली की लगेच नळ बदला. आपल्याकडे पाणी बारीक येते याचे एक संभाव्य कारण असे की त्या काळातल्या इमारतींत भिंतीतून लोखंडी जी.आय. नळ टाकलेले असत आणि ते आतून गंजून त्यांचे तोंड आवळत जाते. ओटा नवा करून नळ जुनेच ठेवले, तर काही वर्षांत नवी टाइल फोडण्याची वेळ येईल. सी.पी.व्ही.सी.चे (न गंजणाऱ्या प्लास्टिकचे) नळ टाकल्यावर, गिलावा करण्यापूर्वी पंपाने दाब देऊन ते तपासून घ्यावेत, आणि भिंतीवर मोजपट्टी धरून त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे पुढे खिळा कुठे ठोकू नये ते कळते.

वीजकामही भिंत उघडी असतानाच उरकावे. २००० वॅटची इंडक्शन शेगडी सुमारे ९ अँपिअर वीज ओढते, त्यामुळे तिला आणि मायक्रोवेव्हला १६ अँपिअरचे वेगवेगळे पॉइंट व स्वतंत्र एम.सी.बी. (भार वाढताच वीज तोडणारे खटके) हवेत. मी अशा पॉइंटांसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घालण्याचा आग्रह धरतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. (विजेची गळती होताच ती तोडून धक्क्यापासून वाचवणारा खटका) नसेल तर तो याच वेळी बसवून घ्यावा, कारण स्वयंपाकघरात ओले हात आणि वीज यांची गाठ रोजचीच आहे. ड्राय बाल्कनीतल्या मोरीचे जलरोधक काम झाल्यावर तिथे ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे छत स्वतः जाऊन पाहून या. ही चाचणी टाळून टाइल लावण्याची घाई कोणी करत असेल, तर काम तिथेच थांबवावे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता, निदान दहावा हिस्सा, सर्व काम पाहून झाल्यावरच द्यावा. तेवढीच आणखी रक्कम भिंत फोडल्यावर जे निघेल त्यासाठी बाजूला ठेवावी. जुन्या घरात काहीतरी निघतेच.

प्रतिसाद (गृहिणी, नाशिक)

आमच्याकडे हे काम तीन वर्षांपूर्वी झाले आणि आमच्या दोन चुका आपल्या हातून होऊ नयेत म्हणून लिहीत आहे. पहिली चूक अशी की आम्ही काम आषाढात काढले. हवेत दमटपणा इतका होता की गिलावा वाळायलाच तयार नव्हता, त्यावर घाईने रंग दिला आणि दिवाळीपर्यंत त्याला फुगे आले. दुसरी चूक त्याहून मोठी होती. ट्रॉल्यांची आणि फ्रिजच्या जागेची मापे सुताराने भिंती उघड्या असतानाच घेतली. पुढे दोन्ही बाजूंना गिलावा आणि टाइल मिळून अडीच इंच जागा गेली, फ्रिज त्या खणात बसेना, आणि तयार होऊन आलेले कपाट पुन्हा कापावे लागले. म्हणून शेवटची मापे टाइल लागून ओटा बसल्यावरच घ्यावीत. ट्रॉल्या कारखान्यात तयार होण्यास तीन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस ओटा, शेगडी आणि सिंक वापरता येतात, त्यामुळे हा थांबण्याचा काळ मुळीच जाचत नाही.

खरी परीक्षा तोडफोडीपासून ओटा बसेपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत असते. सासूबाईंना दमा असल्यामुळे माझे आग्रहाचे सांगणे असे की तोडफोडीचे आणि टाइल कापण्याचे दिवस ठेकेदाराकडून आधी ठरवून घ्यावेत आणि तेवढे दिवस त्यांना नणंदेकडे किंवा अन्य जवळच्या नातलगांकडे पाठवावे. टाइल कापताना उडणारी बारीक धूळ दार लावून अडत नाही. स्वयंपाकघराच्या दाराला जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवावे, कापण्याचे काम शक्य तर बाल्कनीत आणि पाणी सोडून करायला लावावे.

बाहेरच्या खोलीत आम्ही एका टेबलावर इंडक्शन शेगडी, एक कुकर, एक कढई, मिसळणाचा डबा आणि चार-चार ताटे-वाट्या एवढेच ठेवले होते. बाकी सर्व खोक्यांत भरून प्रत्येक खोक्यावर आतल्या वस्तूंची चिठ्ठी लावली. पोळ्या जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून आणत असू आणि घरी फक्त वरण-भात व एखादी भाजी करत असू. भांडी घासायला न्हाणीघर वापरावे लागते, त्यामुळे तिथे एक खालचा पाट आणि जाळीची टोपली ठेवली तर कंबर वाचते.

प्रतिसाद (फर्निचर व्यावसायिक, ठाणे)

सामानाविषयी थोडेसे. सिंकखालच्या कपाटासाठी आय.एस. ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेले मरीन प्लायच (पाणी सोसणारे प्लायवुड) घ्यावे, एम.आर. (ओलावारोधक) प्रतीचे प्लाय केवळ दमट हवा सोसते, गळते पाणी सोसत नाही. ट्रॉल्यांचे पोलाद ३०४ प्रतीचे, म्हणजे सहसा न गंजणारे स्टेनलेस स्टील असावे. नवा ओटा ग्रॅनाइटचा करावा, कारण कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड असल्यामुळे लिंबू, चिंच किंवा कोकम सांडले की त्यावर डाग धरतो. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेखाली बारीक खाच काढायला सांगावी, म्हणजे ओघळणारे पाणी ट्रॉलीच्या दारांवर न जाता तिथेच ठिबकते. सिलिंडर कपाटात ठेवणार असाल तर त्या दाराला तळाशी जाळी हवी, कारण एल.पी.जी. हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. नळाने येणारा गॅस असेल, तर ती जोडणी कंपनीच्या माणसाकडूनच हलवून घ्यावी आणि त्यासाठीचा अर्ज काम सुरू होण्याच्या बऱ्याच आधी द्यावा.

प्रश्नकर्ती (कोथरूड, पुणे)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. गिलावा वाळण्याचा मुद्दा लक्षात घेऊन आम्ही काम दिवाळीनंतर काढायचे ठरवले आहे, आणि सासूबाई तोडफोडीच्या व टाइलच्या दिवसांत सांगलीला माझ्या नणंदेकडे राहायला तयार झाल्या आहेत. बाबवार यादी करायला कालपासून बसले आहे. उंचीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. माझी उंची ५ फूट ४ इंच आहे आणि त्यांची ४ फूट १० इंच.

प्रतिसाद (निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे)

उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे आणि कोपराच्या खाली चार ते सहा इंचांवर ओट्याचा पृष्ठभाग यावा, असे माप मी धरतो. या हिशेबाने आपल्याला ३४ इंच आणि त्यांना ३१ इंच सोयीचे पडेल. मधले ३२ किंवा ३३ इंचांचे माप घेतले तर दोघींनाही थोडे थोडे अवघडच होईल. म्हणून सिंक आणि भाजी चिरण्याचा भाग ३४ इंचांवर ठेवावा, आणि शेगडीचा तीन फुटांचा भाग ३० इंचांवर उतरवावा, कारण शेगडी व तिच्यावरचा कुकर यांची उंची त्यात मिळवावीच लागते आणि झाकण लावताना हात खांद्यापर्यंत उचलावा लागला तर म्हाताऱ्या माणसाचा खांदा लगेच भरून येतो. ओटा बांधण्यापूर्वी त्या उंचीवर विटा रचून त्यावर फळी ठेवा, फळीवर शेगडी आणि भरलेला कुकर ठेवा, आणि सासूबाईंना तिथे उभे करून झाकण लावायला सांगा. त्यांचा हात जिथे सहज पोहोचेल, तिथेच भिंतीवर पेन्सिलची खूण करून ती गवंड्याला दाखवा.