मोनोप्रिंट आणि मोनोटाइप : दोन्हींना एकच मराठी शब्द चालेल का?

कोरीपाटी : मुद्राचित्रांच्या, म्हणजे पत्र्यावरून किंवा ठोकळ्यावरून कागदावर छापलेल्या चित्रांच्या, एका सूचीचे भाषांतर करताना मी या दोन्ही संज्ञांसाठी ‘एकप्रत मुद्राचित्र’ असे लिहिले होते. मसुदा तपासणाऱ्या चित्रकाराने दोन्ही ठिकाणी लाल खूण करून तो परत पाठवला. दोन्ही प्रकारांत चित्र एकमेव असते, मग शब्द वेगळे कशासाठी?

शाईरोलर : फरक संख्येत नाही, पत्र्यावर काय आहे यात आहे. मोनोटाइपसाठी काहीही न कोरलेल्या गुळगुळीत पत्र्यावर शाईने चित्र काढतात आणि ती ओली असतानाच त्यावर कागद दाबतात. छपाई झाली की चित्र पत्र्यावरून जवळजवळ निघून जाते. मोनोप्रिंटमध्ये मात्र कोरलेली किंवा अम्लाने खोदलेली रेषा पत्र्यावर कायम राहते आणि शाई लावण्या-पुसण्याची तऱ्हा दर वेळी बदलल्यामुळे प्रत्येक छाप निराळा उमटतो. लुदोविक लेपिक या फ्रेंच चित्रकाराने तर नदीकाठच्या दृश्याच्या एकाच कोरीव पत्र्यावरून, निव्वळ शाईच्या करामतीने, ८०हून अधिक निराळी चित्रे काढली.

जुना खिळेजुळारी : ‘मोनोटाइप’ म्हटले की आम्हाला शिशाचे एकेक अक्षर ओतणारे जुळणीयंत्रच आठवते. सरळ ‘एकठसा’ म्हणावे. घरात शब्द असताना संस्कृतातून ‘मुद्रा’ आणण्याची गरज नाही.

कोरीपाटी : पण कोरलेला ठोकळा हाही ठसा आणि त्याचा कागदावर उमटतो तोही ठसाच. आपल्याला नेमका ज्या दोहोंत भेद करायचा आहे, त्यांनाच हा शब्द एकत्र बांधतो.

शाईरोलर : छापणारे सर्रास ‘मोनोप्रिंट’ म्हणतात, आणि दोन्हींना म्हणतात. तेच रुळलेले आहे, ते वापरा.

फिकीप्रत : रुळलेले आहे म्हणून अचूक ठरत नाही. शिवाय माझी हरकत ‘एक’लाच आहे. पत्र्यावर उरलेल्या शाईतून बहुधा दुसरी, फिकट प्रत निघते, आणि फ्रेंच चित्रकार देगा अशा फिकट प्रतींवर पेस्टलने काम करून त्यांची स्वतंत्र चित्रे करीत असे. मग एकमेव कोणते म्हणायचे? त्याने स्वतः अशा कामांचे वर्णन स्निग्ध शाईने काढून छापलेली रेखाटने असे केले होते, आणि मला ते कोणत्याही नावापेक्षा प्रामाणिक वाटते.

जुना खिळेजुळारी : चित्राखाली पेन्सिलीने १/१, म्हणजे एकूण एकातली पहिली प्रत, असे लिहिलेले असते ना? संग्राहकाला तेवढे पुरे.

फिकीप्रत : मुळीच नाही. एकाच कोरीव पत्र्यावरून निघालेल्या मालिकेतल्या प्रत्येक मोनोप्रिंटवर १/१ असू शकते आणि तरीही त्यात लबाडी नसते. विकत घेताना पत्र्यावर कायमची रेषा होती का आणि त्यावरून आणखी काय छापले गेले, हे विचारावे लागते. आकडा ते सांगत नाही.

शाईरोलर : एका मालिकेतल्या बदलत्या प्रती असतील, तर तसे लिहिण्याची वेगळी पद्धत आहे. तिथे १/१ घालणे मला तरी लबाडीच वाटते.

जुना खिळेजुळारी : त्या फिकट प्रतीला ‘अनुठसा’ म्हणता येईल.

फिकीप्रत : आता ‘अनु’ संस्कृतातून आलेला चालतो वाटते!

कोरीपाटी : सूचीत तूर्त काय लिहू?